फिलिपिनो अदोबो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अदोबोबद्दल विचारणारे मराठी वाचक साधारण तीन प्रकारचे असतात. मालवाहू जहाजावर फिलिपिनो कुकच्या हातचं खाऊन आलेले खलाशी, आखातात फिलिपिनो सहकाऱ्यांच्या डब्यात हा पदार्थ बघितलेले नोकरदार, आणि ज्यांची मुलं फिलिपिन्सच्या दावाओ शहरात डॉक्टरकी शिकायला गेली आहेत असे पालक. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकत्र देत आहे.

अदोबो म्हणजे नेमकं काय?

कोंबडी, डुकराचं मांस किंवा दोन्ही एकत्र घ्यायचं, ते व्हिनेगर, भरपूर लसूण, अख्खी मिरी, लॉरेलची पानं (बे लीफ) आणि मीठ किंवा सोया सॉस यांत मंद आचेवर शिजवायचं आणि रस आटवत आणायचा. बस, एवढंच. वाटण नाही, फोडणी नाही, गरम मसाला नाही, कांदासुद्धा बऱ्याच घरांत नाही. वाढायचा तो वाफाळत्या भातावर. पोळीबरोबर खाऊन बघितलात तर जमत नाही. हा रस भातातच मुरावा लागतो.

हा स्पॅनिश पदार्थ आहे ना? नाव तर स्पॅनिश वाटतं.

नाव स्पॅनिश, पदार्थ तिथला. स्पॅनिश सत्ता फिलिपिन्समध्ये १५६५ पासून रुजली. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथले लोक मांस-मासे व्हिनेगर आणि मिठात मुरवत आणि शिजवत होते. उष्ण, दमट हवेत मांस टिकवायचा तोच सोपा मार्ग होता. स्पॅनिश लोकांना ते त्यांच्याकडच्या मुरवलेल्या मांसासारखं दिसलं आणि त्यांनी आपलं नाव त्याला चिकटवलं. पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूच्या १६१३ च्या तागालोग या तिथल्या भाषेच्या शब्दकोशात 'इथल्या लोकांचा अदोबो' अशा अर्थाची नोंद सापडते. म्हणजे स्पॅनिशांनाही ठाऊक होतं की हा आपला नव्हे.

मेक्सिकन अदोबो तोच का?

नाही. मेक्सिकोत अदोबो म्हणजे सुक्या मिरच्यांचं लालभडक वाटण. डब्यातल्या चिपोत्ले मिरच्या ज्यात बुडवलेल्या असतात ते. अमेरिकेच्या दुकानांत 'अदोबो' नावाचं कोरडं मीठ-मसाल्याचं मिश्रण मिळतं, तेही वेगळं. तिकडून कोणी प्रेमाने डबी आणली तर ती बटाट्याच्या काचऱ्यांवर भुरभुरा, या पदार्थात घालू नका.

मूळ, अस्सल अदोबो कुठला?

या प्रश्नावर दोन फिलिपिनो माणसांचं एकमत झालेलं मी अजून ऐकलेलं नाही.

इतिहासाच्या हिशेबाने जुना तो पांढरा अदोबो, 'अदोबोंग पुती'. यात सोया सॉस नसतो. व्हिनेगर, मीठ, लसूण, मिरी, झालं. सोया सॉस, म्हणजे तिथला 'तोयो', चिनी व्यापाऱ्यांमुळे आणि मनिलात स्थायिक झालेल्या चिनी कुटुंबांमुळे स्वयंपाकघरांत शिरला आणि हळूहळू मिठाची जागा त्याने घेतली. आज जगभर ओळखला जातो तो हाच तपकिरी अदोबो. पण ज्यांच्या घरी आजी पांढराच करायची ते सोया सॉसवाल्याकडे जरा तिरक्या नजरेनेच बघतात.

माझं मत विचाराल तर व्हिनेगर चांगलं असेल तेव्हा पांढरा, साधं असेल तेव्हा तपकिरी. सोया सॉस व्हिनेगरचे दोष झाकतो, आणि गुणही.

मग प्रत्येक प्रांताचा वेगळा का?

फिलिपिन्समध्ये सात हजारांहून अधिक बेटं आहेत. ज्या बेटावर, ज्या प्रांतात जे आंबट मिळतं आणि जे शेजारच्या झाडावर लागतं, ते भांड्यात जातं.

बातांगास प्रांतात ओली हळद घालतात, सोया सॉस नाही. त्याला पिवळा अदोबो म्हणतात आणि मराठी डोळ्यांना तो पहिल्या नजरेत ओळखीचा वाटतो. बिकोलमध्ये नारळाचं दूध आणि मिरची, कारण बिकोलचे लोक त्या देशातले तिखटखाऊ. काही ठिकाणी शेंद्रीच्या बियांचा रंग उतरवून केशरी अदोबो करतात. समुद्रकाठी माकुलांचा अदोबो होतो, त्यांच्याच शाईत, काळाकुट्ट. पाम्पांगा प्रांतात शेतातले 'कामारू' नावाचे किडे, रातकिड्यांचे भाऊबंद, याच पद्धतीने परतून खातात आणि पाहुण्यांना कौतुकाने वाढतात. विसायास बेटांवरचा 'हुंबा' अदोबोचा गोडसर चुलतभाऊ: त्यात साखर, आंबवलेलं काळं सोयाबीन आणि वाळवलेली केळफुलं पडतात. दक्षिणेकडच्या मुस्लिम घरांत अर्थातच डुक्कर नसतं.

व्हिनेगरही तसंच. माडाच्या ताडीचं, उसाचं, निपा नावाच्या खाजणातल्या ताडाचं. उत्तरेकडच्या इलोकोस भागातलं उसाचं व्हिनेगर गडद आणि खरपूस असतं, बुलाकान प्रांतातल्या पाओम्बोंगचं निपाचं व्हिनेगर नावाजलेलं आहे. फिलिपिनो माणसाला अदोबोची चव विचारा, तो आधी व्हिनेगर कुठलं ते सांगेल.

एका घरात तो पुढच्या पिढीकडे कसा जातो? कोणी लिहून ठेवतं का?

क्वचितच. 'लोला', म्हणजे आजी, माप सांगत नाही. विचारलं तर 'तांत्या' म्हणते, आपल्या आजीच्या 'अंदाजाने घाल' सारखंच. आणि हे उत्तर टाळाटाळीचं नसतं. व्हिनेगरची बाटली बदलली की आंबटपणा बदलतो, कोंबडी गावठी असली की वेळ बदलते, त्यामुळे आजीने सांगितलेलं 'अर्धी वाटी' पुढच्या महिन्यातच खोटं ठरलं असतं.

मुलांना मिळतं ते वेगळंच. आधी लसूण सोलायला बसवतात, मग भात लावायला. मग कधीतरी भांड्यापाशी उभं करून वास घ्यायला लावतात: आता नाकात झोंबतंय ना, म्हणजे व्हिनेगर अजून कच्चं आहे, थांब. थोड्या वेळाने पुन्हा. नाकात झोंबायचं थांबून तोंडाला पाणी सुटेल असा वास आला की पुढची पायरी. हे लिहून देता येत नाही.

शिवाय प्रत्येक घराचे दोनचार निर्णय असतात आणि वारसा म्हणून चालत राहतात ते हेच. रस ठेवायचा की तेल सुटेपर्यंत आटवायचं? मांस आधी परतायचं की शिजल्यावर? लसूण ठेचायची की अख्खी? कोंबडीचं काळीज कुस्करून रस दाट करायचा की नाही? उकडलेली अंडी टाकायची का? बटाटा? अननस? काही घरांत तर लेमनची कोल्ड्रिंक ओततात, आणि त्या घरातली नातवंडं तेच अस्सल मानतात. लग्नानंतर दोन घरांचे निर्णय एका भांड्यावर येतात तेव्हा खरी गंमत. सुक्या अदोबोच्या घरातला मुलगा आणि रसाच्या घरातली मुलगी यांच्या संसारात बहुधा मधलाच एक तिसरा अदोबो जन्मतो, आणि मुलांच्या दृष्टीने तो 'आमच्या घरचा'.

परदेशी गेलेल्या कुटुंबांत आणखी एक बदल होतो. अमेरिकेत ताडीचं व्हिनेगर सहज मिळत नाही, मग साधं पांढरं किंवा सफरचंदाचं वापरलं जातं. पुढच्या पिढीची जीभ त्यावरच तयार होते. ती मुलं मनिलाला आल्यावर आत्याकडचा अदोबो खाऊन म्हणतात, हा जरा वेगळाच लागतो. आत्याला राग येतो. दोघंही बरोबर असतात.

सरकारने अदोबोची अधिकृत पाककृती ठरवली, असं वाचलं होतं. खरं का?

अर्धंच. २०२१ च्या जुलैमध्ये फिलिपिन्सच्या व्यापार आणि उद्योग खात्याच्या मानक विभागाने फिलिपिनो पदार्थांची प्रमाणित कृती ठरवण्याचं काम हाती घेतल्याचं सांगितलं. सुरुवात अदोबोपासून, पुढे सिनिगांग, लेचोन, सिसिग या तिथल्या इतर आवडत्या पदार्थांचीही यादी होती. लोक खवळले. प्रत्येकाला वाटलं की सरकार आपल्या आजीच्या भांड्यात डोकावतंय. समाजमाध्यमांवर थट्टा, संताप, आणि अर्थातच 'आमच्या घरी असा करतात' याच्या हजारो कृती. मग खात्याला खुलासा करावा लागला की हे कोणावर बंधनकारक नाही, परदेशात पदार्थाचा प्रसार करताना एक आधारभूत कृती हाताशी असावी एवढाच हेतू आहे.

मला त्या विभागाची थोडी कीवही आली. परदेशी हॉटेलात अदोबोच्या नावाखाली काहीही खपवलं जातं हे खरं आहे. पण ज्या पदार्थात एकमेव समान गोष्ट म्हणजे व्हिनेगर, त्याचं प्रमाणीकरण करायचं तरी कशाचं?

व्हिनेगर ओतल्यावर ढवळायचं नाही म्हणतात. का?

जवळजवळ प्रत्येक फिलिपिनो घरात हा नियम ऐकू येतो: व्हिनेगर ओतलं की उकळी फुटेपर्यंत चमचा लावायचा नाही आणि झाकणही ठेवायचं नाही, नाहीतर चव 'कच्ची' राहते. झाकणाचं कारण सरळ आहे. अॅसेटिक आम्ल वाफेबरोबर थोडंफार उडून जातं, पहिली काही मिनिटं भांडं उघडं ठेवलं की नाकात झोंबणारा उग्रपणा कमी होतो. चमच्याने नेमकं काय बिघडतं, याचं पटणारं कारण मला कोणी दिलेलं नाही. तरी मी ढवळत नाही. एवढ्या आज्या एकसुरात काही सांगत असतील तर पाच मिनिटं हात मागे बांधून उभं राहायला काय जातं?

महाराष्ट्रात बसून कुठलं व्हिनेगर घेऊ?

सगळ्यात उत्तम, गोव्याचं माडाच्या सुराचं व्हिनेगर. फिलिपिन्सच्या 'सुकांग तुबा'चं हे सख्खं भावंडच: तोच माड, तशीच ताडी, तसंच आंबवणं. गोव्यात म्हापशाच्या बाजारात बाटल्या मिळतात, मुंबई-पुण्यात गोवन सामान ठेवणाऱ्या दुकानांत विचारा. ते नसेल तर उसाचा सिरका.

टाळायचं ते कृत्रिम व्हिनेगर, म्हणजे चायनीजच्या गाडीवर मिरच्या ज्यात घालतात ते. ते आंबवलेलं नसून पाण्यात मिसळलेलं अॅसेटिक आम्ल असतं आणि बाटलीवर 'सिंथेटिक' असं छापलेलं असतं. त्याचा नुसता आंबटपणा उरतो, चव नाही. नाइलाजच असेल तर प्रमाण निम्मं करा आणि चिमूटभर गूळ घाला.

चिंच, कोकम, लिंबू चालेल का, असंही विचारतात. पदार्थ चविष्ट होईल, अदोबो होणार नाही. चिंचेचं फिलिपिनो काही हवं असेल तर सिनिगांग नावाचं पातळ आंबट कालवण करून बघा.

तमालपत्र घातलं तर?

लॉरेल वेगळं आणि आपलं तमालपत्र वेगळं. लॉरेलच्या पानाला मधोमध एकच ठळक शीर असते, तमालपत्राला तीन उभ्या शिरा. आपल्या पानाला दालचिनी-लवंगेचा वास असतो आणि तो अदोबोला पुलावाकडे ओढतो. लॉरेल मोठ्या दुकानांत 'बे लीफ' म्हणून मिळतं, पाकीट उघडण्याआधी शिरा बघून घ्या, कारण त्याच नावाने तमालपत्रही विकतात. मिळालं नाही तर तमालपत्राचं एकच छोटं पान घाला किंवा सरळ वगळा.

आता प्रमाण सांगाच.

तांत्या वगैरे ठीक, पण पहिल्यांदा करताना हाताशी काहीतरी हवंच. चार-पाच जणांसाठी:

एक किलो कोंबडी, हाडासकट, शक्यतो तंगड्या. अर्धा कप व्हिनेगर, पाव ते अर्धा कप सोया सॉस, एक कप पाणी. लसणीचा एक अख्खा मोठा गड्डा, पाकळ्या ठेचून. एक चमचा अख्खी काळी मिरी, दोन-तीन लॉरेलची पानं. मीठ शेवटी, चाखूनच. सोया सॉस आधीच खारट असतो. सोया सॉस पातळ, फिक्या रंगाचा घ्या. 'डार्क' लिहिलेला जाड सॉस घातलात तर रंग डांबरासारखा येतो.

कोंबडी सोया सॉस आणि निम्म्या लसणीत अर्धा तास मुरत ठेवा. जाड बुडाच्या भांड्यात थोड्या तेलावर उरलेली लसूण तांबूस करा, कोंबडीचे तुकडे निथळून त्यात टाका आणि कातडीला रंग येईपर्यंत परता. मुरवणाचं पाणी, साधं पाणी, मिरी, पानं घाला. उकळी आली की कडेने व्हिनेगर ओता. ढवळू नका, झाकू नका. पाच-सात मिनिटांनी वास मवाळ झाला की आच मंद करा, अर्धवट झाकून पाऊण तास शिजू द्या. शेवटी झाकण काढून रस आपल्या आवडीइतका आटवा. डुकराचं मांस असेल, विशेषतः चरबीच्या थरांचं, तर दीड तास धरा. दोन्ही एकत्र करायचं असेल तर डुक्कर आधी, कोंबडी नंतर.

भांडं स्टीलचं, मातीचं किंवा इनॅमलचं. अॅल्युमिनियम आणि कल्हई उडालेलं पितळ या आंबटात नको.

कुकरमध्ये करू का?

नको. कुकरमध्ये रस आटत नाही आणि व्हिनेगरची वाफ बाहेर जायला वाव मिळत नाही. मटण घेतलंत आणि ते जून निघालं तर आधी पाणी-मिठात कुकरला लावा आणि व्हिनेगरचा भाग उघड्या भांड्यात करा.

शाकाहारी अदोबो असतो का?

असतो, आणि तो काही तडजोडीचा नाही. तिथल्या रोजच्या जेवणातलाच आहे. 'कांगकोंग' म्हणजे आपली नाळीची भाजी. तिचा अदोबो पाच-सात मिनिटांत होतो: लसूण परतायची, आधी देठ, मग पानं, सोया सॉस, व्हिनेगर, मिरी, उकळी फुटली की खाली. लांब चवळीच्या शेंगांचाही करतात. शेंगा बोटभर तोडून, जरा कुरकुरीत राहतील इतपतच शिजवायच्या. मशरूम, टोफू, वांगी चालतात. अंडं खाणाऱ्यांनी उकडलेली अंडी रसात रात्रभर ठेवून बघावीत. पनीर मात्र मला पटलेलं नाही, या आंबटात ते परक्यासारखं बसून राहतं.

किती दिवस टिकतो?

फ्रिज नव्हते तेव्हा व्हिनेगर, मीठ आणि वर साचलेला चरबीचा थर यांच्या जोरावर तो बाहेरच ठेवला जायचा आणि रोज उकळला जायचा. प्रवासाच्या शिदोरीत, ज्याला तिथे 'बाओन' म्हणतात, अदोबो असण्याचं कारण हेच. पण ती कृती खूप जास्त व्हिनेगरची आणि कोरडी असायची. वर दिलेल्या प्रमाणाचा अदोबो फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

बहुतेक वेळा तो दुसऱ्या दिवशीच संपतो, कारण दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो. मांस हाताने सुटं करून तेलात कुरकुरीत परततात आणि शिळ्या भाताचा लसूण घालून केलेला 'सिनांगाग' आणि तळलेलं अंडं यांबरोबर न्याहारीला खातात. या त्रिकुटाचं नाव 'अदोसिलोग'. आपल्या फोडणीच्या भाताला इतका तगडा जोडीदार मिळाला तर सोमवार सकाळ बरी जाईल.

अदोबो आणि गोव्याचा व्हिंदालू यांचं नातं आहे का?

थेट वंशावळ नाही, पण गाठभेट आहे. पोर्तुगीज लोक वाइन आणि लसणीत मुरवलेलं मांस घेऊन गोव्यात आले. इथे वाइनच्या जागी माडाचं व्हिनेगर आलं आणि अमेरिकेतून आणलेल्या मिरचीने सगळा पदार्थ ताब्यात घेतला. फिलिपिन्समध्ये उलटं घडलं. पदार्थ आधीच तिथे होता, राज्यकर्त्यांनी फक्त नाव दिलं. मिरची तिकडेही त्याच काळात पोचली, पण बिकोलसारखे भाग सोडले तर अदोबोने तिला दाराबाहेरच ठेवलं. एक योगायोग सांगायलाच हवा: १५२१ मध्ये स्पेनसाठी फिलिपिन्सला पोचलेला मॅगेलन मूळचा पोर्तुगीज, आणि त्याआधी तो पोर्तुगीजांच्या आरमाराबरोबर हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर काही वर्षं लढलेला होता.

ताडीचा प्रवास तर त्याहून लांबचा. मनिला आणि मेक्सिकोतलं आकापुल्को बंदर यांच्यात चालणाऱ्या गलबतांतून फिलिपिनो खलाशांनी माडाची ताडी काढायची विद्या मेक्सिकोत नेली. तिथल्या कोलिमा भागात ही ताडी आजही 'तुबा' या फिलिपिनो नावानेच पितात.

तिखट अजिबात नाही, मग मराठी माणसाला आवडेल?

पहिल्या घासाला नुसतं आंबट-खारट वाटेल. तिसऱ्या घासाला मिरी आणि लसूण कळायला लागते. तरीही चैन पडत नसेल तर दोन अख्ख्या हिरव्या मिरच्या शिजताना वर ठेवा. बिकोलचा माणूस तुमच्या बाजूने उभा राहील.

मुलगा दावाओला आहे, मेसमध्ये अदोबो देतात. मांस कशाचं ते कसं ओळखायचं?

विचारायचं. 'मानोक' म्हणजे कोंबडी, 'बाबोय' म्हणजे डुक्कर, 'बाका' म्हणजे गाय. भाजीच्या अदोबोतही कधीकधी चवीला डुकराचे बारीक तुकडे असतात, तेव्हा शाकाहारी मुलांनी 'वालांग कार्ने' (मांस नको) एवढं आधीच सांगून ठेवावं. तिथले लोक असल्या प्रश्नांना कंटाळत नाहीत.

तयार 'अदोबो मिक्स'चं पाकीट घ्यावं का?

ज्या पदार्थाला लसूण, मिरी, व्हिनेगर आणि सोया सॉस लागतो, त्याचं पाकीट कशाला? त्या पैशात व्हिनेगर चांगलं घ्या.